फिशिंग रॉड बनवताना गाइड कसे निवडायचे? (आणि पैसे नेमके कुठे वाचवायचे नाहीत)



मागच्या व्हिडिओत आपण ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, कशी बघून घ्यायची ते पाहिलं. त्याखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: "सर, गाइडचा सेट तीनशेतही मिळतो आणि आठशेतही. दिसायला सारखेच. मग महाग का घ्यायचा?"

प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझी चूक ऐका

शिंदखेड्यात मी घरच्या ओट्यावर रॉड दुरुस्तीचं काम सुरू केलं, तेव्हाची गोष्ट. आपल्या तालुक्याला तापी लागून आहे, सुलवाड्याचा बॅरेज आहे, मुडावदला पांझरा येऊन तापीला मिळते. बॅरेजमुळे पाणी थांबतं, त्यामुळे गळ टाकून बसणारी हौशी मंडळी भरपूर. तुटलेली टोकं, निघालेल्या कड्या असं काम यायचं. मग एका आबांनी पहिली ऑर्डर दिली: "मला माझ्या हाताला बसेल अशी काठी बनवून दे."

मी ब्लँक चांगला घेतला. हँडलला कॉर्क लावला. धागा दोन रंगांत गुंडाळला. आणि गाइड? बिननावाच्या पाकिटातले, स्वस्तातले घेतले. म्हटलं, कोण बघतंय एवढं!

दीड महिन्यात आबा परत आले. भांडले नाहीत. ओट्यावर काठी ठेवली आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, दोरी तुटी गयी. काठी ते नवीच शे."

मोठा मासा लागला होता आणि ब्रेडेड दोरी टोकाजवळ कापली गेली होती. मी टोकाच्या कडीत कापसाची काडी फिरवली. कापूस अडकला. आत केसाएवढी चर पडली होती. दोरीनेच कडी कापली होती आणि मग त्या चरीच्या धारेने दोरी कापली.

गाइड फुकट बदलून दिले. आबांनी काठी नेली, पण पुढची काठी त्यांनी माझ्याकडून घेतली नाही. त्यांच्यासोबत नदीवर बसणारे दोघे माझ्याकडे येणार होते, तेही आले नाहीत. कोणी काही बोललं नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ते नुसतं यायचं बंद होतं.

म्हणून आजचा धडा.

गाइड नेमकं काय काम करतो?

गिऱ्हाईक याला रिंग म्हणतं, कडी म्हणतं. नाव काहीही असो, कामं दोन.

एक, दोरीला वाट देणं. स्पिनिंग रीलमधून दोरी सरळ येत नाही, ती मोठमोठे वेटोळे घेत सुटते. पहिल्या एक-दोन गाइडने ते वेटोळे आवरायचे आणि पुढे दोरी सरळ धाडायची. हे काम नीट झालं नाही तर दोरी ब्लँकवर आपटते आणि फेक आखूड पडते.

दोन, ओझं वाटून देणं. मासा लागला की काठी वाकते. दोरी त्या वाकणीबरोबर गेली पाहिजे. गाइड कमी असतील किंवा चुकीच्या जागी असतील, तर दोन गाइडच्या मध्ये दोरी सरळ ताणली जाते आणि सगळा जोर एका ठिकाणी येतो. चांगला ब्लँक मोडतो तो बऱ्याचदा इथेच. दोष मात्र ब्लँकला लागतो.

गिऱ्हाइकाला हे तीन प्रश्न विचारा

गाइडची यादी उघडण्याआधी हे विचारायचं. मी हल्ली उत्तरं ऑर्डरच्या कागदावर लिहून घेतो.

१. दोरी कोणती? साधा नायलॉन, ज्याला आपण तंगूस म्हणतो, की ब्रेडेड? ब्रेडेड असेल तर पुढे नायलॉनचा लीडर जोडणार का? त्या जोडाची गाठ शेवटच्या कडीतून सहज गेली पाहिजे.

२. रील कोणतं? स्पिनिंग की बेटकास्टिंग? स्पिनिंग रील काठीच्या खाली लटकतं, वेटोळे मोठे, म्हणून पहिला गाइड मोठा आणि उंच लागतो. बेटकास्टिंग रील काठीच्या वर बसतं, दोरी बऱ्यापैकी सरळ येते, तिथे पहिला गाइड लहान चालतो.

३. पाणी कोणतं? तापी, पांझरा, बुराई, शेततळं हे सगळं गोडं पाणी. पण मुंबई किंवा कोकणातून ऑर्डर आली तर खाऱ्या पाण्याचा विचार वेगळा.

ही तीन उत्तरं मिळाली की निम्मी निवड झाली समजा.

कडीचं भिंगरूप: आतली रिंग

गाइडमध्ये दोन भाग असतात. बाहेरची धातूची चौकट म्हणजे फ्रेम, आणि आत बसवलेली गुळगुळीत रिंग. दोरी फ्रेमला लागत नाही, रिंगला लागते. म्हणून रिंगकडे आधी बघा.

• नुसती तार, वर क्रोमचा मुलामा: सर्वात हलकी आणि स्वस्त. तंगूस वापरणाऱ्याला चालते. ब्रेडेड दोरी, त्यात तापीच्या गढूळ पाण्यातली बारीक रेती दोरीला चिकटलेली, म्हणजे कानसच झाली. मुलामा घासला की चर पडायला वेळ लागत नाही.

• ॲल्युमिनियम ऑक्साइड: सिरॅमिक प्रकारातली परवडणारी रिंग. तंगूसला उत्तम, रोजच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीत ब्रेडेड दोरीलाही चांगल्या कंपनीची असेल तर चालते.

• अल्कोनाइट: जपानच्या फुजी कंपनीची मधल्या दर्जाची सिरॅमिक रिंग. ब्रेडेड वापरणाऱ्यासाठी मी बहुतेक वेळा हीच सुचवतो.

• सिलिकॉन कार्बाइड, बाजारात म्हणतात एसआयसी: खूप कठीण, खूप गुळगुळीत, घर्षणाची उष्णता पटकन पसरवणारी. महाग. मोठे मासे, रोजची फेक, असं गिऱ्हाईक असेल तर घ्या.

एक गंमत सांगतो. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लिश रॉडला तारेच्या कड्या असायच्या, पण चांगल्या रॉडच्या पहिल्या आणि टोकाच्या कडीत अकीक दगड बसवलेला असायचा. हाच अकीक आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात सापडतो, आणि आपली तापी ज्या आखातात जाऊन मिळते, त्या खंबातच्या आखाताला नाव देणारं खंबात गाव अकीकच्या मण्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. मुद्दा काय? त्या कारागिरांनीही सगळीकडे खर्च केला नाही. जिथे दोरी सर्वात जास्त घासते, त्या दोन ठिकाणी केला. पहिली कडी आणि शेवटची कडी. हे वाक्य वहीत लिहा.

पाकिटावर नाव छापलंय म्हणजे माल खरा, असं नाही. नकली मालही येतो. म्हणून आलेला प्रत्येक गाइड तपासा: आत कापसाची काडी फिरवा, अंगठ्याने रिंग हलकी दाबा. कापूस अडकला किंवा रिंग हलली, तर तो गाइड बाजूला.

फ्रेम आणि पाय

इथे पैसे वाचवता येतात. गोड्या पाण्यासाठी साधी ३०४ ग्रेडची स्टेनलेस फ्रेम पुरते. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ किंवा टायटॅनियम. टायटॅनियम हलकं असतं आणि गंजत नाही, पण तापीकाठच्या आबांच्या काठीला ते लावून बिल फुगवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच झालं.

पाय दोन प्रकारचे. एका पायाचा गाइड हलका असतो आणि काठीला मोकळं वाकू देतो, म्हणून टोकाकडच्या भागात तो वापरा. दोन पायांचा गाइड मजबूत, म्हणून तो हँडलकडच्या भागात आणि जड काठ्यांवर. टोकाकडे जितकं वजन कमी, तितकी काठी फेकीनंतर लवकर सरळ होते. टोकाला जड गाइड लावलात तर महाग ब्लँकही सुस्त वाटतो.

मापं आणि संख्या

गाइडवरचा नंबर म्हणजे साधारणपणे रिंगचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पण टोकाच्या गाइडला, म्हणजे टिपला, दोन मापं असतात: रिंगचं आणि नळीचं. नळी ब्लँकच्या टोकावर बसते. काही कंपन्या नळीचं माप मिलिमीटरमध्ये देतात, तर अमेरिकन पद्धतीत ते इंचाच्या ६४ व्या भागात असतं. म्हणजे त्या पद्धतीतला "५" म्हणजे ५/६४ इंच, जवळपास २ मि.मी. इथे गोंधळ झाला की पार्सल परत. ऑर्डर देण्याआधी टोक व्हर्निअरने मोजा.

संख्या किती? सोपा अंदाज: काठी जितकी फूट, तितके गाइड, आणि टिप वेगळी. सात फुटी काठीला सात गाइड अधिक एक टिप. बेटकास्टिंगला एखादा जास्त लागतो, कारण तिथे काठी वाकल्यावर दोरी ब्लँकला टेकू द्यायची नाही.

आता उदाहरण घेऊ. सात फुटी मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी, २५०० नंबरचं रील, ब्रेडेड दोरी आणि पुढे लीडर. मी अशी सुरुवात करतो:

टोकापासून अंतर – गाइडचा नंबर
१० सें.मी. – ७
२२ सें.मी. – ७
३५ सें.मी. – ७
५० सें.मी. – ७
६८ सें.मी. – १०
९० सें.मी. – १६
११८ सें.मी. – २५

बघा, दोन गाइडमधलं अंतर हँडलकडे येताना वाढत जातं आणि रिंगही मोठी होत जाते. शेवटचा २५ नंबरचा गाइड रीलच्या तोंडापासून साधारण ५५ ते ६० सें.मी. वर येतो.

अजून एक तपासणी. रील बसवा आणि त्याच्या स्पूलच्या दांड्याची रेघ मनात पुढे वाढवा. सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरलात तरी चालेल. ती रेघ जिथे ब्लँकला भेटते, तिथपर्यंत दोरीचे वेटोळे आवरलेले असले पाहिजेत. त्यापुढे सगळे लहान गाइड.

लक्षात ठेवा, हा तक्ता सुरुवातीसाठी आहे. प्रत्येक ब्लँक वेगळा वाकतो. म्हणून पुढची पायरी चुकवायची नाही.

धागा गुंडाळण्याआधी दोन चाचण्या

माझ्या पहिल्या काठीत मी ही पायरी सरळ गाळली होती.

चाचणी १, वाकवून बघणे. गाइड टेपने किंवा रबरी नळीच्या बारीक तुकड्यांनी चिकटवा. दोरी सगळ्या गाइडमधून ओवा, टोक खिडकीच्या गजाला किंवा पाण्याच्या बाटलीला बांधा आणि काठी हळू वाकवा. बाजूने बघा. दोरी ब्लँकच्या वाकणीबरोबर जाते का? कुठे तिचा टोकदार कोन होतोय का? जिथे कोन दिसेल, तिथले गाइड थोडे जवळ घ्या. पेन्सिलने खूण करा.

चाचणी २, फेकून बघणे. मोकळ्या मैदानात जा, गळाऐवजी साधं वजन बांधा आणि दहा-पंधरा वेळा फेका. दोरी पहिल्या गाइडवर आपटल्याचा आवाज येत असेल, तर तो गाइड दोन-दोन सेंटिमीटर पुढे-मागे सरकवून बघा. मैदानातला हा अर्धा तास पुढचा मनस्ताप वाचवतो.

नदीवर जाऊन चाचणी घ्यायची असेल तर दोन गोष्टी. बॅरेजचे दरवाजे उघडतात तेव्हा पाणी अचानक वाढतं, पावसाळ्यात खालच्या बाजूला उतरू नका. आणि जलाशयात मासेमारीचा हक्क बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून मगच गळ टाका.

बसवताना आपल्या भागातल्या अडचणी

गाइडच्या पायाचं टोक कानशीने उतरतं करा आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. ते धारदार राहिलं तर धागा चढत नाही आणि खाली ब्लँकलाही चरा पडतो. टिप मात्र फेव्हिक्विकने चिकटवू नका. गरम करून लावायचा गोंद वापरा, म्हणजे पुढे टिप बदलायची वेळ आली तर थोडी ऊब देऊन निघेल.

खान्देशचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात दुपारी इपॉक्सी कालवलात तर ब्रश टेकवेपर्यंत ते घट्ट व्हायला लागतं. काम पहाटे करा आणि थोडं थोडं कालवा. दोन्ही भाग मोजून सारखे घ्या, अंदाजपंचे नाही. पावसाळ्यात उलटं, हवेतल्या ओलीने वरचा थर धुरकट होतो, तेव्हा बंद खोलीत करा.

आणि लाइट! काठी फिरवायला मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी छोटी मोटर छान चालते. पण लाइट गेली की मोटर थांबते आणि इपॉक्सी खाली ओघळतं. पहिले दोन-तीन तास तिथून हलू नका. लाइट गेली तर दर काही मिनिटांनी काठी हाताने पाव वेढा फिरवत राहा.

आता धंद्याचा हिशोब

पुढचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुम्ही तुमच्या भावाने टाका.

समजा स्वस्त सेट ३०० रुपये, चांगला सेट ८०० रुपये. एका काठीमागे ५०० वाचले. दहा काठ्यांमागे ५,०००.

आता समजा दहापैकी तीन काठ्या परत आल्या. एका काठीचा खर्च: नवीन गाइड १५०, धागा-इपॉक्सी ५०, तुमचे तीन तास तासाला १०० प्रमाणे ३००, पार्सल १५०. एकूण ६५०. तीन काठ्यांचे १,९५०.

५,००० वजा १,९५०. अजूनही ३,०५० रुपये वाचलेच की! म्हणून तर माणूस फसतो. वहीत स्वस्त सेटच फायद्याचा दिसतो.

पण त्या तिघांनी पुढची एक-एक काठी तुमच्याकडून घेतली असती आणि काठीमागे तुम्हाला १,२०० सुटले असते, तर ३,६०० गेले. आता हिशोब ५५० रुपयांनी तोट्यात. आणि त्यांनी ज्यांना तुमचं नाव सांगितलं असतं, ते यात धरलेलेच नाहीत. न आलेलं गिऱ्हाईक वहीत लिहिलं जात नाही. माझ्या वहीतही आबा आणि ते दोघे कुठेच नाहीत. पण तोटा तिथेच झाला होता.

मग सगळ्यांना महाग सेट विकायचा का? नाही. असं करा:

१. गिऱ्हाईक तंगूस वापरत असेल तर परवडणारा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सेट द्या. उगाच महाग गळ्यात मारू नका.

२. ब्रेडेड वापरत असेल तर सगळ्या रिंगा चांगल्या सिरॅमिकच्या. बजेट कमी असेल तर फ्रेम साधी घ्या, हँडलचा शोभेचा खर्च कमी करा, धाग्याची नक्षी सोडा. पहिली कडी आणि टिप या दोन ठिकाणी तडजोड नाही.

३. बिलावर लिहा: रिंग कोणती, फ्रेम कोणती, कोणत्या दोरीसाठी. उद्या तंगूसच्या काठीला कोणी ब्रेडेड लावून आणली, तर बोलायला तुमच्याकडे कागद असतो. वाद होत नाही.

४. प्रत्येक काठीसोबत त्याच मापाची एक जादा टिप द्या. टिपच सर्वात आधी आपटते, वाकते. छोटा खर्च आहे, पण गिऱ्हाईक वर्षभर तुमचं नाव काढतं.

आणि तरीही कोणी म्हणालं, "नाही, मला स्वस्तच पाहिजे, ब्रेडेडलाच पाहिजे"? तर हात जोडून सांगा, "दादा, यात दोरी कापली जाईल, मी नाही बनवत." पहिल्या वर्षी हे बोलायला जड जातं. मलाही गेलं.

गृहपाठ

तुमच्या घरातली किंवा मित्राची कोणतीही वापरलेली काठी घ्या. प्रत्येक कडीतून कापसाची काडी फिरवा. कापूस कुठे अडकला? पहिल्या कडीत, टोकाला, की मध्ये? ती काठी कोणत्या दोरीवर वापरली होती? कमेंटमध्ये लिहा. तुमच्या उत्तरांमधूनच कळेल की कोणत्या दोरीने कोणती रिंग किती दिवसांत जाते.

आबा अजून दिसतात कधी बाजारात. मी मागच्या वर्षी त्यांना एक टिप नेऊन दिली, पैसे घेतले नाहीत. त्यांनी ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि चहा पाजला. ऑर्डर अजून दिलेली नाही. बघू.

पुढच्या व्हिडिओत: हँडल आणि रील सीट, गिऱ्हाइकाच्या हाताचं माप कसं घ्यायचं. भेटू या!